सातबाऱ्यावर न दिसणारी मुळशी

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगावपासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलकांची रांग सुरू होते. धरणाच्या काठावरचे घर, डोंगराच्या कुशीतले अकरा गुंठे, एनए प्लॉट, क्लिअर टायटल. पिरंगुट, घोटावडे फाटा, पौड, कोळवण खोरे आणि पुढे ताम्हिणीच्या वाटेवरचा मुळशी धरणाचा परिसर या साऱ्या भागात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांनी आपली पुंजी ओतली आहे. अशी जमीन घेताना चौकशी होतच नाही असे नाही. रस्ता किती फुटांचा, विहिरीला पाणी कितीवर, भाव काय, पुण्यापासून किती मिनिटे, हे सारे विचारले जाते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतला जातो. सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या संगणकावर पाहता येतो, त्यामुळे तोही चार वेळा पाहून होतो.

मात्र एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. या जमिनीला आपली म्हणणारा, पण ज्याचे नाव कागदावर नाही, असा माणूस या गावात आहे काय? शहरातील माणसाला सुरक्षितता म्हटले की चोरी, दरोडा, फार तर बिबट्या आठवतो. मुळशीसारख्या तालुक्यात जमीनधारकाला होणारा उपद्रव यांपैकी कशातूनही फारसा येत नाही. तो येतो जुन्या तंट्यातून. विकणारा जमिनीबरोबर आपला तंटाही विकून मोकळा होतो आणि घेणाऱ्याला ते कुंपण घालण्याच्या दिवशी कळते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेल. जुलै २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून वाद पेटलेला असताना, तिच्या आईने मुळशी तालुक्यातील धडवली गावात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत दूरचित्रवाणीवर झळकली. प्रसंग २०२३ च्या जून महिन्यातला होता. जमीन आपल्या नावावर आहे असा एका बाजूचा दावा, तर शेजारची जमीनही दडपून घेतली जात असल्याची शेतकऱ्यांची तक्रार. पौड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. त्यात कोणाचे खरे, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु त्या चित्रफितीत दिसलेली परिस्थिती, म्हणजे एका हातात कागद घेऊन उभा असलेला बाहेरचा मालक आणि बांधावर उभे असलेले गावकरी, ही तालुक्याच्या परिचयाची आहे. पिस्तूल तेवढे अपवादात्मक होते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरवले. त्यात मावळातील बावन्न गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले, पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरवून वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली.

या लढ्याचा एक पदर आजच्या खरेदीदाराने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्यातील सावकार होते. कसणारे मावळे त्यांची कुळे किंवा ऋणको होते. मोबदल्याची बोली होऊ लागली तेव्हा सावकारांचा कल पैसे घेण्याकडे झुकला आणि शेतकऱ्याच्या हाती नांगराखेरीज काही उरले नाही. कागद पुण्यात आणि नांगर मुळशीत, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. अमेरिकेतून परतलेल्या एखाद्या सज्जन अभियंत्याला आपण कोणाचे काही वाईट केलेले नाही असे प्रामाणिकपणे वाटत असते, आणि ते खरेही असते. गाव मात्र त्याच्याकडे त्या जुन्या मालिकेतील आणखी एक म्हणून पाहते.

मालिका पुढे चालूच राहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान आले. औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादित केल्या, शेजारच्या माण, मारुंजीतील भाव चढले. ज्यांनी आधी विकले त्यांना पुढे आपल्याच बांधावरून जाणाऱ्या मोटारी मोजत बसावे लागले. २००० च्या दशकात मोसे खोऱ्यात, मुळशी व वेल्हे तालुक्यांच्या हद्दीत, 'लवासा' उभे राहू लागले. आदिवासींच्या आणि सीलिंगच्या जमिनींच्या खरेदीवरून आक्षेप घेतले गेले, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेथे घरासाठी पैसे भरून बसलेल्या शेकडो कुटुंबांपैकी किती जणांनी आधी खोऱ्यातील वाड्यांवर जाऊन चौकशी केली असेल, हा प्रश्नच आहे. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाने जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची गुन्हेगारीकडे होणारी वाटचाल पडद्यावर आणली. चित्रपटात अतिशयोक्ती असते हे मान्य. तथापि जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडमध्ये भरदिवसा एका कुख्यात गुंडाचा खून झाला, तो मूळचा याच तालुक्यातला होता, आणि जमीन व पैशांचा वाद हे कारण पोलिसांनी सांगितले होते.

बाहेरच्या घरमालकाविषयीचा हा राग मुळशीपुरता मर्यादित आहे असे मुळीच नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात १९७९ च्या डिसेंबरपासून पुढची दहा-बारा वर्षे इंग्रजांच्या सुट्टीतील घरांना आगी लावण्याचे सत्र चालले होते. दोनशेहून अधिक मालमत्तांना त्याची झळ पोहोचली. तेथे सातबारा नव्हता, मालकी निर्विवाद होती. गावातील तरुणांना गावात घर परवडेनासे झाले आणि आठवड्यातील पाच दिवस बंद असणारी घरे वाढत गेली, एवढे कारण पुरले. आपल्याकडे मालकीही निर्विवाद नसते.

ती का नसते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण तंटे येथेच उगवतात.

पुणे जिल्ह्यातील गावांत जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पाडण्यात आले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये विखुरलेले तुकडे एकत्र करून शेतकऱ्याला शक्यतो सलग जमीन द्यावी, असा हेतू होता. कागदावर अदलाबदल झाली. जमिनीवर मात्र अनेक ठिकाणी जो जेथे नांगरत होता तो तेथेच नांगरत राहिला. परिणामी सातबारा एकाच्या नावाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी स्थिती दोन पिढ्या निर्वेधपणे चालू राहिली. कारण तोवर जमिनीला भावच नव्हता आणि भाऊबंदकीत सर्वांना सर्व माहीत होते. भाव आला तेव्हा सातबारा ज्याच्या नावाचा तो विकून गेला, आणि खरेदीदाराने तारेचे कुंपण घालायला माणसे आणली ती नेमकी दुसऱ्याच्या नाचणीच्या वावरात. ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे की राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा योजना' आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर केवळ एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून त्यांना अदलाबदल करता यावी, अशी तिची तरतूद. सरकारला स्वतंत्र योजना काढावी लागते, यावरूनच रोगाच्या व्याप्तीची कल्पना यावी.

सातबाऱ्यावरील पीकपाहणीवरून ताबा कोणाचा हे पूर्वी काही अंशी ताडता येई. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून 'ई-पीक पाहणी' नोंदवू लागले आहेत. सोय झाली हे खरे. परंतु नोंद करणारा हा खातेदारच असल्याने त्या रकान्यावरून वहिवाटीचा निष्कर्ष काढताना अधिक सावध राहावे लागते. गाव नमुना सातच्या 'इतर अधिकार' या रकान्याकडे मात्र बारकाईने पाहावे. कुळाचे नाव, कलम ४३ चा शेरा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, पुनर्वसनाचा किंवा वनविभागाचा शेरा, बहिणींची नावे, हे सारे तेथे एका बारीक ओळीत बसलेले असते.

बहिणींची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला; ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. गावातील व्यवहारात तरीही बहिणीकडून हक्कसोड पत्र घेण्याचा, किंवा तेही न घेता पुढे जाण्याचा, प्रघात चालू आहे. लग्न होऊन मावळात किंवा कोकणात गेलेली बहीण आणि तिची मुले जमिनीचा भाव ऐकून दहा वर्षांनी दावा लावतात. त्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. हक्क त्यांचाच असतो. वंशावळ विचारावी आणि प्रत्येक बहिणीला प्रत्यक्ष भेटावे. भेट घालून देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला तर कारण समजून जावे.

त्याहून अवघड असते ती सामाईक जमीन. डोंगरउताराच्या एकाच गटावर पंचवीस-तीस नावे, कोणाचा हिस्सा कोणता याची मोजणी कधीच झालेली नाही, आणि त्यातील दोघांनी आपला 'अविभक्त हिस्सा' विकलेला. कायद्याने असा हिस्सा विकता येतो. पण घेणाऱ्याला नेमकी कोणती जागा मिळाली? दलालाने दाखवलेली तळ्याकाठची सपाट जागा त्या दोघांची आहे हे उरलेल्या अठ्ठावीस जणांनी कधी कबूल केले? याचीच शहरी आवृत्ती म्हणजे अकरा गुंठ्यांचे प्लॉट. तुकडेबंदीमुळे जिरायत क्षेत्र वीस गुंठ्यांच्या व बागायत दहा गुंठ्यांच्या खाली (२०२३ पासूनची ही मर्यादा, पूर्वी ती याहून जास्त होती) स्वतंत्रपणे विकता येत नाही, म्हणून चार-पाच अनोळखी कुटुंबांची नावे एकाच खरेदीखतात घालून आत तारेने तुकडे पाडले जातात. शहरी वस्तीच्या क्षेत्रात हे निर्बंध शिथिल करण्याची पावले शासनाने २०२५ मध्ये उचलली आहेत, पण दूरच्या खोऱ्यातील शेतजमिनीला त्याचा आधार गृहीत धरू नये. अशा प्लॉटमध्ये तंटा गावकऱ्यांशी होण्याआधी शेजारच्या पुणेकराशीच होतो, हा भाग निराळा.

कुळकायद्याविषयी थोडक्यात. १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळे जमिनीची मालक मानली गेली. अशी मिळालेली जमीन विकायला परवानगी लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षे उलटलेली असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती विकता येते. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही हे बहुतेकांना ठाऊक असते. परदेशस्थांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने येऊ शकते. मग गावाकडील भावाच्या किंवा मित्राच्या नावावर घेण्याचा मार्ग निघतो. एका तंट्याची भीती होती, तेथे दोन होतात.

आणि कातकरी. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. मुळशीच्या खोऱ्यांत त्यांच्या लहान लहान वाड्या आहेत. ज्या जमिनीवर झोपड्या उभ्या आहेत ती पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर असते. पूर्वीचा मालक त्यांच्याकडून शेतात, कोळशाच्या भट्टीवर काम करून घेई आणि राहू देई. तोच मालक जमीन विकतो. कोऱ्या सातबाऱ्यावर वाडीचा उल्लेख नसतो, आणि नव्या मालकाला 'ती माणसे हलवून देऊ' असे आश्वासन मिळते. हे आश्वासन देणाऱ्याशी व्यवहार करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात अन्याय तर आहेच. शिवाय कुळकायद्यात राहत्या घराखालच्या जागेला संरक्षण आहे, आणि आदिवासी संघटना अशा प्रकरणांत जागरूक आहेत. जी जमीन आदिवासीच्याच नावावर होती, तिची गोष्ट वेगळी. महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि असे जुने हस्तांतर उघडकीस आल्यास जमीन परत जाऊ शकते, मध्ये कितीही खरेदीखते झालेली असोत.

मालकीचा तंटा नसला तरी कुंपणाचा असू शकतो. डोंगरी गावात जमीन एकाची असली तरी तिच्यावरून जाणे-येणे गावाचे असते. गुरांची वाट, झऱ्यावर पाण्याला जाणाऱ्या बायकांची पायवाट, स्मशानाकडे जाणारा रस्ता, जत्रेत देवाची पालखी ज्या बांधावरून जाते तो बांध. यांतले पुष्कळ काही नकाशावर नसते. देवराईची हद्दही बरेचदा नसते, आणि देवराईतील वाळलेले झाडही गाव तोडत नाही. अशा ठिकाणी सलग तारेचे कुंपण उभे राहिले की एका रात्रीत खांब उपटले जातात. पोलिसांत तक्रार जाते, गाव एक होते. याच्या उलटही घडते. आपल्या जमिनीकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या वावरातून असेल, तर तो कोणत्याही दिवशी चर खणून अडवला जाऊ शकतो. तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महिन्यातून एकदा येणाऱ्या मालकाचे सहा महिने कसे संपतात हे त्यालाही कळत नाही. दलालाच्या 'रस्ता आहे ना, आपण गाडीनेच आलो' या वाक्यावर विसंबू नये. रस्ता कोणाच्या गटातून आहे आणि त्याची नोंद कोठे आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

आता ताब्याचा धंदा. 'टायटल क्लिअर आहे, ताबा तेवढा बघावा लागेल' असे वाक्य कानावर आले की तेथून परत फिरावे. ताबा 'बघणारी' मंडळी ठरलेली असतात. ती आज आपल्यासाठी दुसऱ्याला हुसकावतात. पुढे त्यांचा भाव वाढतो, राखणीचा महिना ठरतो, कुंपणाचे, विटांचे, जेसीबीचे काम त्यांनाच द्यावे लागते, आणि मालक बदलला तरी ते तेथेच असतात. स्थानिक माणसाला काम देणे वेगळे, तो गावात राहण्याचा योग्य रिवाज आहे. धाकाने काम देणे वेगळे. या दोहोंतील फरक आधी जमीन घेतलेली माणसे नेमका सांगू शकतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन शहरी जमीनधारकांना दलालाच्या गैरहजेरीत जरूर भेटावे. पोलीस हद्दीचीही माहिती असावी. तालुक्याचा हिंजवडी-बावधनकडचा भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, तर पौड पोलीस ठाणे पुणे ग्रामीणकडे. धरणापलीकडच्या वाडीवर रात्री काही घडले तर मदत किती वेळात पोहोचेल, हे अंतर स्वतः गाडी चालवून मोजलेले बरे.

सामाजिक ताणाविषयी बोलणे वर्तमानपत्रांत सहसा टाळले जाते. ते टाळून चालणार नाही. मे २०२५ मध्ये पौड येथील मंदिरात मूर्तीची विटंबना झाल्याच्या घटनेनंतर तालुक्यात तणाव पसरला. पुढे परिसरातील काही गावांत बाहेरगावच्या मुस्लिमांनी स्थानिक मशिदीत नमाजाला येऊ नये, असे फलक लागल्याच्या आणि ठराव झाल्याच्या बातम्या आल्या. एका घटनेवरून साऱ्या तालुक्यावर शिक्का मारणे चुकीचे ठरेल. याच गावांत अनेक पिढ्या एकत्र नांदलेल्या आहेत. तरीही घेणारे कुटुंब मुस्लिम असेल, किंवा राखणीला परप्रांतीय जोडपे ठेवण्याचा विचार असेल, तर त्यांना त्या गावात कसे वागवले जाईल याचा अंदाज घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. बंगल्यात आपण वर्षातील वीस दिवस राहतो, राखणदार तीनशे पंचेचाळीस दिवस. जातीचेही तसेच. 'गाव चांगले आहे, सगळी आपलीच माणसे आहेत' असे दलाल म्हणतो तेव्हा 'आपली' म्हणजे कोणाची हे पाहावे. सरपंचाच्या घरी चहा घ्यावा, तसा बौद्धवाडीत, धनगरवाड्यावरही घ्यावा. एकाच जमिनीची हकीगत तीन ठिकाणी तीन तऱ्हेने ऐकायला मिळाली तर त्यातून जे कळते ते कोणत्याही शोध अहवालात मिळत नाही.

यासाठी गावात जायचे ते रविवारी दलालाच्या गाडीतून नव्हे. दलाल महामार्गावरील हॉटेलातच भेटतो, गावाला वळसा घालून मागच्या वाटेने जमीन दाखवतो, आणि भाव शेजारच्यापेक्षा बराच कमी सांगतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर चौथी शोधण्याची गरज नाही. आठवड्यातल्या मधल्या वारी जावे, एकदा भर जुलैत जावे. पाऊस किती, रस्ता कोठे तुटतो आणि भाताची लावणी प्रत्यक्षात कोण करतो, हे एकाच फेरीत दिसते. वावरात लावणी करणाऱ्याला 'हे कोणाचे?' एवढेच विचारावे आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते पाहावे.

गावात विचारण्याजोगी माणसे थोडी आहेत, पण ती पक्की आहेत. पोलीस पाटलाला कोणत्या बांधावर मारामारी झाली ते ठाऊक असते. कोतवाल नोटिसा वाटतो, त्यामुळे दावा कोणावर लागला हे त्याला सर्वांआधी समजते. तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जुने फेरफार आणि तक्रारी नोंदींची वही पाहावी. फेरफाराची नोटीस निघाल्यावर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, त्या हरकती कोणी आणि का घेतल्या हे वाचण्यासारखे असते. प्रलंबित फेरफार आणि मोजणीच्या नोटिसा आता 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही लागतात. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्यात प्रत्येक समितीने गावातील तंट्यांची नोंदवही ठेवायची होती. सगळ्याच समित्या जागत्या राहिल्या असे नाही, पण जेथे वही सापडेल तेथे ती उघडावी. गटवार तंट्यांची इतकी सुबक यादी दुसरीकडे मिळणार नाही. पौडच्या तहसील कार्यालयातील आणि दिवाणी न्यायालयातील प्रकरणे विक्रेत्याच्याच नव्हे, तर त्याच्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावानेही शोधावीत, कारण दावा चालू असताना झालेली खरेदी निकालाला बांधील असते. जाहीर नोटीस पुण्याच्या दैनिकात देण्याची पद्धत आहे. तीच नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि चावडीत लावायला वकिलाला सांगावे. ज्याची हरकत असते तो पुण्याचे जाहिरातीचे पान वाचत नाही.

राहता राहिली मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज विक्रेत्याने खरेदीआधीच करावा, असा आग्रह धरावा. लगतच्या सर्व खातेदारांना तारखेची नोटीस जाते, भूकरमापक येतो, आणि त्या दिवशी बांधावर कोण येते, कोण हुज्जत घालते, कोण मुद्दाम येत नाही, हे घेणाऱ्याने स्वतः उभे राहून पाहावे. शेजारी खुणेच्या दगडाला हात लावून 'बरोबर आहे' म्हणाला तर निम्मे काम झाले. त्याने दगड उपटून फेकला तर तेही पैसे देण्याआधीच कळले. विसारपावतीत दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये आणि मोजणीची 'क' प्रत मिळून जागेवर निर्विवाद ताबा मिळेपर्यंत उरलेली रक्कम देणे लागू होणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्यावे. मुळशीच्या पावसात चार महिने मोजणीची कामे अडतात, तेव्हा मे महिन्यात ठरलेला व्यवहार दिवाळीनंतरच पुरा होईल हे गृहीत धरून विसाराची मुदत टाकावी.